आम्ही घराला चुना लावला

मराठी विभागासाठी लेख दे, असं आमच्या संपादक मैत्रिणीनं सांगितलं तेव्हा मी तिला आधीच बजावलं, की बाई, मी कॉन्व्हेंटची. आजीशी जशी बोलते तशीच लिहिणार. ती म्हणाली, "चालेल, फक्त पावसावर कविता नको, हॉस्टेलमधून बावीस आल्यात." म्हणून मी भिंतीवर लिहितेय. म्हणजे भिंतीविषयी! भिंतीवर लिहायला आमच्या विंगमधली मंडळी समर्थ आहेत.

मुंबईतलं हेरिटेज म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? घारापुरीची लेणी १९८७ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली, आपलं व्ही.टी. म्हणजे सीएसएमटी २००४ मध्ये, आणि ओव्हल मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारती २०१८ मध्ये. यातलं एकही ठिकाण उपनगरात नाही. उपनगर म्हणजे टॉवर, ट्रॅफिक आणि अंधेरीचा पूल, असाच समज. पण अंधेरी, बोरिवली, कुर्ला, मुलुंड ही मुळात गावं. साष्टी बेटावरची. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्याच मोहिमेत साष्टीही पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आली आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतली. राज्यं बदलली, गावं तिथंच राहिली. त्या गावांची वस्ती म्हणजे आजची गावठाणं. मॉलच्या मागच्या गल्लीत शिरलात की अचानक रस्ता अरुंद होतो, एक जुना क्रूस दिसतो (१८९६ च्या प्लेगच्या काळात असे बरेच उभारले गेले), आणि कौलारू, एकमजली, पुढं ओटी असलेली घरं लागतात. त्यातलं एक आमचं.

आमचं घर अंधेरीच्या एका गावठाणात. पणजोबांनी बांधलेलं. खाली तीन खोल्या, वर माडी, बाहेरून लाकडी जिना. दोन्ही बाजूंची घरं इतकी चिकटून, की डावीकडच्या आंटीच्या कढईत काय चाललंय ते आमच्या आजीला वासावरून कळतं, आणि ती इथूनच ओरडून व्हिनेगर कमी घालायला सांगते. आंटी ईस्ट इंडियन, आम्ही भंडारी. भांडणं दोघींची मराठीतूनच.

दोन वर्षांपूर्वी या घराचा प्रश्न आला. माडीची एक तुळई वाळवीनं पोखरली होती, पावसाळ्यात चार ठिकाणी बादल्या लागायच्या आणि खालच्या भिंतींना ओल. त्याच सुमारास एका बिल्डरचा माणूस पेढे घेऊन आला. शेजारची दोन घरं आणि आमचं मिळून सात मजले, प्रत्येक हिस्सेदाराला फ्लॅट, वर रोख. घरात हिस्सेदार तीन : बाबा, काका आणि आत्या. काका म्हणाले, देऊन टाकू. बाबा गप्प. आत्याला पैशांची खरंच गरज होती, तिच्या मुलाची अ‍ॅडमिशन होती, आणि तिनं ते सरळ सांगितलं. सिनेमात अशा वेळी एक जण व्हिलन असतो. आमच्याकडे तशी सोय नव्हती, सगळ्यांचंच बरोबर होतं.

मी तेव्हा सेकंड इयरला. बाबा म्हणाले, "तू सिव्हिलची ना? मग सांग, घर उभं राहील का?" वायव्हामध्ये सुद्धा कुणी इतका थेट प्रश्न विचारला नव्हता.

उत्तर शोधायला मी आणि बाबा एका रविवारी स्लो लोकलनं चर्नी रोडला उतरून खोताच्या वाडीत गेलो. गिरगावातली ही वाडी दादोबा वामन खोत यांच्या नावावरून ओळखली जाते. लाकडी कठडे, बाहेरचे जिने, कौलं, रंगीत भिंती. एके काळी तिथं अशी पासष्टेक घरं होती, आता तिसाच्या आत आली आहेत. आणि ही वाडी तर संरक्षित! मुंबईनं १९९५ मध्ये वारसा नियमावली केली, देशात अशी ती पहिली. इमारतींना ग्रेड एक, दोन, तीन असे दर्जे दिले, आणि एकेकट्या इमारतीबरोबर आख्खे परिसरही यादीत घेतले. खोताची वाडी त्यात ग्रेड तीनचा परिसर आहे. म्हणजे तिथं बाहेरून काही बदल करायचा तर महापालिकेच्या वारसा समितीच्या नियमात बसावं लागतं. तरीही घरं कमी झालीच. कारण यादी घर पाडायला अडवू शकते, पण कौलं बदलायला कुणी पैसे देत नाही. बाबा परत येताना एवढंच म्हणाले, "यादीत असून हे हाल, आपण तर यादीतही नाही." उपनगरात आणखी एक अडचण. म्हाडाचं दुरुस्ती मंडळ जुन्या इमारती दुरुस्त करतं, पण ते शहर भागातल्या उपकर भरणाऱ्या इमारतींसाठी. माहीमच्या पलीकडं आपला हात जगन्नाथ.

मग घर बघायला एक म्हातारे मिस्त्री आले. जुन्या वाड्यांची कामं केलेले. त्यांनी तुळईवर हातोडी वाजवून बघितली, टणटण कुठं आणि बदबद कुठं ते ऐकलं आणि म्हणाले, "लाकूड तीन ठिकाणी गेलंय. बाकी सागवान तुमच्या नातवंडांना पुरंल." मग भिंतीपाशी आले आणि थांबले.

इथं थोडं सबमिशनसारखं लिहिते, सहन करा. आमच्या भिंती अठरा इंच जाड, दगड-विटांच्या, चुन्यात बांधलेल्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा खालच्या खोल्यांत कमरेएवढं पाणी होतं. ते ओसरल्यावर आजोबांनी काळजीनं भिंतींना आतून-बाहेरून चार फुटांपर्यंत सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं. तेव्हा सगळेच तसं करत होते. झालं काय, की जमिनीतली ओल केशाकर्षणानं भिंतीत चढायची, आणि पूर्वी चुन्याच्या गिलाव्यातून सुकून जायची ती आता आतच अडकली. मग ती सिमेंटच्या वर, पाच-सहा फुटांवर बाहेर पडायला लागली. त्याबरोबर क्षार आले, लोणा धरला, पोपडे पडले. मिस्त्री म्हणाले, "ताई, भिंत म्हाताऱ्या माणसासारखी. घाम आला तर वाळायला वारा पाहिजे. तुम्ही तिला वीस वर्षं रेनकोट घालून ठेवलाय."

आमच्या पुस्तकात चुन्याला दीड पान आहे. आयएस ७१२, क्लास ए, बी, सी, बस्स. सिमेंटला आख्खं युनिट. पोर्टलँड सिमेंटचं पेटंट १८२४ चं, त्याआधीची हजारो वर्षं माणसं चुन्यातच बांधत होती. चुनखडी साधारण ९०० अंशांवर भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो, तो पाण्यात विरवला की होतो भिजवलेला चुना, आणि भिंतीवर चढला की हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेऊन पुन्हा चुनखडी होतो. दगडातून निघून दगडातच परत! ताकद सिमेंटपेक्षा कमी, पण भिंत थोडी हलली तर तोही थोडा हलतो, आणि ओल बाहेर जाऊ देतो. मऊ भिंतीला मऊ गिलावा, हा सगळा मुद्दा.

दिवाळीनंतर काम सुरू झालं. आधी सिमेंट खरवडलं, तेही छिन्नीनं, हळूहळू, कारण त्याच्याबरोबर विटाही सुटत होत्या. दोन महिने भिंती नुसत्या वाळू दिल्या. मग चुना, वाळू आणि विटांची भुकटी म्हणजे सुरखी, त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी. पहिल्या दिवशी घरभर गुळाचा वास आणि ओटीवर मुंग्यांचं संमेलन. सिमेंटवाला गवंडी आठवड्यात उरकतो ते काम इथं महिनाभर चाललं, कारण एक थर घट्ट झाल्याशिवाय दुसरा चढवायचा नाही आणि तोवर रोज पाणी मारायचं. काका कामावर येऊन नाक मुरडायचे. पण शनिवारी पाइप हातात घेऊन पाणी मारताना मी त्यांनाच पाहिलं.

तुळईला खाली टेकू लावले, कुजलेला भाग कापून जुन्याच सागवानाचा तुकडा जोडला. ते लाकूड जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात मिळालं, जिथं मोडलेल्या घरांची दारं-खिडक्या विकायला उभी असतात. एकाचं घर पडतं तेव्हा दुसऱ्याचं दुरुस्त होतं, हे बघून जरा विचित्रच वाटलं. कौलं सगळी उतरवली, एकेक वाजवून पाहिली. मंगळूरला बासेल मिशननं १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर ही कौलं साऱ्या किनाऱ्यावर पोचली. आमची निम्म्याहून जास्त परत चढली. रीपा मात्र सगळ्या नव्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात आढ्यावरचं शेवटचं कौल बसलं, आणि नंतरच्या पावसात बादली एकच लागली. (मिस्त्री म्हणतात, तेवढी राहू द्या, नजर लागत नाही.)

आत्याचं काय? बाबांनी आणि काकांनी मिळून तिच्या मुलाची फी भरली, आणि तिनं तीन वर्षं थांबायचं कबूल केलं. तीन वर्षांत तिचा हिस्सा तिला द्यायचा, नाहीतर पेढेवाल्याला फोन करायचा. त्यातलं एक वर्ष संपलं. माडी भाड्यानं दिलीय, काका हिशोबाची वही ठेवतात, आणि मी प्लेसमेंटची तयारी जरा जास्तच मनावर घेतलीय. घर वाचलं, असं मी अजून म्हणत नाही. त्याला मुदतवाढ मिळाली. केटीवाल्यांना यातला फरक नीट कळेल!

आपल्या हॉस्टेलवर साताऱ्याची, अकोल्याची, सिंधुदुर्गाची कितीतरी मुलं-मुली आहेत. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं घर असंच मातीचं, चुन्याचं, कौलांचं असेल, आणि तिथंही कुणीतरी सिमेंटची गोणी आणून ठेवली असेल. सुट्टीत गेलात की भिंतीला जमिनीपासून पाच फुटांवर हात लावून बघा. थंड, ओलसर लागली, तर गोणी उघडण्याआधी एखाद्या जुन्या मिस्त्रीला बोलवा. ते आता थोडेच राहिलेत, आणि त्यांचा धडा आपल्या सिलॅबसमध्ये नाही.

— तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी