ढालीची चार फुले

वैशाख शुद्ध द्वितीया जवळ आली, की बेळगावच्या गल्लोगल्ली शिवजयंतीच्या चित्ररथांची लगबग सुरू होते. यंदा आमच्या गल्लीच्या देखाव्यात मावळे होण्याचा मान आम्हा सहा मुलांना लाभला. पोशाख मिळाले, शस्त्रे मात्र आम्हीच करावयाची होती.

पालथ्या परातीवर रद्दी कागदाचे थर खळीने चढवून आम्ही ढाल सिद्ध केली. तिला काळा रंग दिला, शोभेसाठी चार सोनेरी फुले डकविली आणि आतून कापडी मूठ चिकटविली. पहिल्याच तालमीत मूठ निखळली व ढाल खाली पडली. ती ज्याच्या हाती होती, तो आमच्यातील सर्वांत लहान गडी. "तुला ढाल पेलत नाही," असे म्हणून आम्ही त्याला रथावरून उतरविले.

शेजारच्या आजोबांनी हे ऐकले. दसऱ्याला पूजेत मांडली जाणारी आपली जुनी कातडी ढाल त्यांनी आणली आणि उलटी करून दाखविली. आतील मुठीच्या कड्या जेथे जखडल्या होत्या, नेमकी तेथेच बाहेर ती चार पितळी फुले होती. ज्यांना आम्ही शोभा समजलो, त्यांच्याखालीच ढालीचा सारा भार होता!

आम्ही ओशाळलो. त्याच सायंकाळी त्या मित्राच्या घरी जाऊन आमची चूक कबूल केली. मग चार छिद्रांतून सुतळी ओवली, बाहेरच्या गाठी फुलांनी झाकल्या. मिरवणूक रात्रभर चालली. ढाल त्याच्याच हाती होती. ती एकदाही ढळली नाही.