कांगशी १३, जुलूस १७ आणि आपला शक १

जून १६७४. पेकिंगात चिनी कारकून कागदावर वर्ष टाकतोय, कांगशी १३. औरंगजेबाच्या दरबारी कागदावर जुलूस १७, म्हणजे गादीवर बसल्यापासूनचं सतरावं वर्ष. आणि त्याच महिन्यात शिवाजी महाराजांच्या रायगडावर कुणीतरी बोरू शाईत बुडवून लिहितोय, राज्याभिषेक शक १. एक! अहो, पहिलं वर्ष! हे कळलं त्या रात्री मला झोपच आली नाही.

चीनमध्ये सम्राट वर्षांना नाव द्यायचा. हान घराण्याच्या वू सम्राटापासूनची ही रीत. शुभशकुन झाला, बदला नाव. संकट आलं, बदला नाव. मिंग काळापासून मात्र एका सम्राटाला साधारण एकच. कांगशीचं नाव ६१ वर्षं चाललं आणि तांब्याच्या चौकोनी भोकाच्या नाण्यावरही उमटलं. आपल्या शिवराईवर वर्ष नाही. आपला शक शोधायचा तो कागदांत.

आणि काय कागद! पत्राच्या माथ्यावर स्वस्तिश्री, मग राज्याभिषेक शकाचा आकडा, मग संवत्सर. पहिल्या वर्षाचं संवत्सर आनंद! साठ संवत्सरांचं आपलं चक्र, चिन्यांचंही वर्षचक्र साठाचंच. एरवी मराठी दप्तरात सुहूर सन चाले, तोही अरबी शब्दांत: खमस सबैन अलफ, म्हणजे १०७५. तो पुढेही चालूच राहिला, पण आता शेजारी स्वतःचा शक आला.

मला सगळ्यात भारी वाटली ती वेगळीच गोष्ट. सम्राट गेला की चिनी नाव संपायचं, नवा आला की पुन्हा एकपासून. इथे महाराज १६८० साली गेले, पण संभाजीराजांच्या कागदांत मोजणी तशीच पुढे सरकली. शकाला नाव राजाचं नव्हतंच, राज्याभिषेकाचं होतं. आता सांगा, कोण दूरचं बघत होतं?

आम्हा बुलढाणेकरांचा यात हक्काचा वाटा आहे बरं. आमच्या सिंदखेडराजाच्या लेकीनं, लखुजी जाधवांच्या जिजाऊंनी, हा शक सुरू होताना पाहिला. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला तो सुरू झाला आणि ज्येष्ठ वद्य नवमीला पाचाडला त्या गेल्या. मधे जेमतेम अकरा दिवस. सिंदखेडराजाच्या वाड्यासमोरून इतक्यांदा गेलो, पण हा हिशेब कधी डोक्यात आला नव्हता.

इसवी सनावरून हा शक काढायचा हिशेब सोपा आहे. ज्येष्ठातली ती तिथी उलटली की इसवी सनातून १६७३ वजा करा, त्याआधी १६७४. म्हणजे १२ जानेवारी २०२४ ची जिजाऊ जयंती झाली ती ३५० व्या वर्षात. घरातल्या सगळ्यांच्या जन्मसालांना मी हा आकडा लावून टाकलाय. आईचा २७५, थोरलीचा ३२७. धाकटा म्हणतो, बाबा, आधार कार्डावर हे चालत नाही.