घरी बसून कुलूप शिकता येतं का?



दहावीत दोनदा अडकलेला आमचा मूर्तिजापूरचा एक विद्यार्थी मागच्या उन्हाळ्यात घरी आला. "सर, मले चाब्या बनवाचं शिकाचं हाय. मोबाईलवर पाहू पाहू शिकून रायलो." तुम्ही काय म्हटलं असतं? मी आपलं नेहमीचंच म्हटलं, आधी आयटीआयचा फॉर्म भर.

दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्यापुढं एक जुनं, मागून उघडलेलं कुलूप ठेवलं. आत पितळी पट्ट्यांची चळत. "हे लिव्हर, सर. कमी उचललं तरी अडते, जास्त उचललं तरी अडते. सगळे आपापल्या जागी आले तवाच खुलते." इतकी वर्षं तरफ शिकवताना मी कात्री आणि अडकित्ता दाखवत आलो. रोज सकाळी शाळेचं कुलूप उघडतो, पण त्याच्या आतली तरफ दाखवायचं कधी सुचलं नाही!

म्हणजे घरी बसून बरंच कळतं. अमेरिकेत तर हे काम टपालानं शिकवणारे अभ्यासक्रम होते. पाठांबरोबर सरावाची कुलपं आणि कोऱ्या किल्ल्या घरी यायच्या. पण आमच्या गड्यानं तोवर अकरा कोऱ्या किल्ल्या वाया घालवल्या होत्या. आपल्या मुक्त विद्यापीठाचं पुस्तक घरी येतं, तरी संपर्क सत्राला केंद्रावर जावं लागतं. ते का, हे मला त्या अकरा किल्ल्यांनी सांगितलं.

मी त्याला अमरावतीला एका म्हाताऱ्या चाबीवाल्याकडं नेलं. आपल्याकडं हे काम करणारे बरेचजण शिकलगार. पूर्वी हत्यारांना धार लावणारे. बाबांनी कोरी किल्ली चिमणीवर काळी केली, कुलपात घालून हलकेच फिरवली, बाहेर काढली. जिथं घासली तिथली काजळी गेलेली. तेवढ्यावरच कानस. पुन्हा काजळी, पुन्हा कुलूप. कानशीवर किती जोर द्यायचा हे मोबाईल कसा सांगणार?

पण शिकवायला बाबा तयार होईनात. "गुरुजी, चाबी शिकवनं म्हंजे लोकायच्या घरात शिरू देनं. पोराची हमी तुमी घेता का?"

मी घुटमळलो. आठवीत असताना याच पोरानं तारेनं खेळाच्या खोलीचं कुलूप उघडून चेंडू काढला होता. मी त्याला सगळ्या वर्गासमोर चोर म्हटलं होतं. माझं घुटमळणं त्यानं पाहिलं आणि मान खाली घातली. मग मी "घेतो" म्हणालो. जरा उशिराच.

पीएम विश्वकर्मा योजनेच्या 18 व्यवसायांत कुलूपकामही आहे. पाच-सात दिवसांचं प्रशिक्षण, रोजचे 500 रुपये, अवजारांसाठी 15 हजारांपर्यंत मदत. पण ती आधीपासून हा धंदा करणाऱ्यांसाठी. नवशिक्याला आधी कुणाच्या तरी शेजारी बसावंच लागतं. दर रविवारी तो गाडीनं बडनेऱ्याला उतरतो आणि बाबांच्या शेजारी बसतो. आठवडाभर घरी व्हिडिओ.

परवा शाळेच्या कपाटाची किल्ली हरवली. मी कौतुकानं त्यालाच बोलावलं. त्यानं कुलूप पाहिलं, पण पिशवी काही उघडली नाही.

"हेडसरची चिठ्ठी आना सर, मंग बनवतो."