कॅन, मस्ट आणि विहीणबाईंचं पत्र

शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आणि सत्तरी ओलांडल्यावर स्पॅनिश शिकायला घेतली. कारण साधं आहे. नातीचं सासर व्हॅलेन्सियाचं. तिच्या सासूबाईंना इंग्रजीचा गंध नाही आणि आमच्यात बोलायला मध्ये सतत नात कशाला हवी?

पुस्तक मिळालं ते इंग्रजीतून स्पॅनिश शिकवणारं. त्यात कॅन, मस्ट, कुड, वुड या मंडळींचा धडा सर्वांत लांब, कारण इंग्रजीतल्या एकेका शब्दाला स्पॅनिशमध्ये तीन-चार वाटा फुटतात. 'आय कॅन स्विम' घ्या. पोहण्याची विद्या अंगात आहे, तर 'से नादार'. आज ताप नाही, पाणीही बरं आहे, म्हणून पोहणं जमेल, तर 'प्वेदो नादार'. यावर दीड पान खर्ची घातलंय. आपल्याकडे 'मला पोहता येतं' आणि 'मी पोहू शकते' हा फरक पोरंसुद्धा न शिकवता करतात! तेव्हापासून मी मधल्या इंग्रजीला रजा दिली आणि वहीत स्पॅनिशसमोर थेट मराठी लिहू लागले.

मस्टचं तसंच. 'तेंगो के इर' म्हणजे मला जावं लागतंय, परिस्थितीचा रेटा आहे. 'देबो इर' म्हणजे मला जायला हवं, कर्तव्य आहे. 'आय के इर' म्हणजे नुसतं गेलं पाहिजे, कोणी ते सांगायचं नाही (घरोघरी कामं अशीच सांगितली जातात!). आणि मस्टने अंदाज केला असेल, 'तो घरी असणार' असा, तर 'देबे दे एस्तार'. बोलताना लोक त्यातला 'दे' गाळतात आणि तिथली अकादमीही त्याला हरकत घेत नाही. किंवा सरळ भविष्यकाळ, 'एस्तारा एन कासा'. घरी असेल. आपलं 'असेल'सुद्धा भविष्यकाळीच रूप ना!

या 'देबेर'चा मूळ अर्थ पैसे देणं असणे. कर्तव्य म्हणजे ऋण. इंग्रजी 'ऑट'ही 'ओव'पासूनच निघालाय. आणि आपण 'मी तुमचे शंभर रुपये देणं लागते' म्हणतो आणि 'मला जावं लागतं'ही म्हणतो. तीन भाषा, तिघींचा हिशोब एकाच वहीत. हे लक्षात आलं त्या दिवशी दुपारी झोप लागली नाही.

खरा कस लागला तो 'कुड नॉट'ला. २०२० च्या एप्रिलमध्ये नातीचे सासरे गेले. स्पेनमध्ये १४ मार्चलाच टाळेबंदी जाहीर झाली होती, २२ मार्चपासून आपल्याकडे येणारी परदेशी विमानं बंद. आमच्यातलं कोणीच जाऊ शकलं नाही. तेव्हाचं पत्र नातीने लिहून दिलं होतं. यंदा मी स्वतःच्या हाताने विहीणबाईंना लिहायला बसले. वाक्य एवढंच होतं, की आम्हाला तेव्हा येता आलं नाही. (आपण 'येऊ' म्हणतो तिथे त्या भाषेत 'जाऊ' म्हणायचं, तो निराळाच धडा.) 'नो पोदियामोस इर' की 'नो पुदिमोस इर'? पहिलं म्हणजे येऊ शकत नव्हतो, वाटा बंद होत्या. खरंच आहे, पण त्यात सबब डोकावते. दुसरं म्हणजे येऊ शकलो नाही. राहून गेलं, ते राहूनच गेलं. इंग्रजीत दोन्हीला 'कुड नॉट'ने भागलं असतं. मी 'पुदिमोस' लिहिलं.

त्यांचं उत्तर आलं, चार ओळींचं. शेवटी 'तिएनेस के बेनीर'. व्याकरणाप्रमाणे सक्ती, पण हा आपला 'यायचंच हं' वाला आग्रह आहे आणि 'तू' म्हणून केलाय, म्हणून अधिक गोड.

आता अडचण अशी, की त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही आणि मला जिना चढवत नाही. हे 'चढवत नाही' स्पॅनिशमध्ये कसं आणायचं? चढता येतं, चढू शकत नाही असंही नाही, पण चढवत नाही. तिथे नुसतं 'नो प्वेदो' आहे आणि ते मला लिहवत नाही.

उत्तर अजून पाठवलेलं नाही. पासपोर्ट मात्र नूतनीकरणाला दिलाय.