पूर्ण घर मिळेल का?

आमच्या फोनशेजारी एक लांबट वही असते. फोन कुठून आला, माणसं किती, तारखा कुठल्या, मोदक किती, ही नोंद ठेवायची सवय सासूबाईंची. ती मी पुढे चालवली. २०२० च्या सप्टेंबरचं पान उघडलं की माझ्या अक्षरातली पहिलीच ओळ दिसते : "पुणे. दोन मोठे, एक लहान, एक आजी. गावात पेशंट किती? पूर्ण घर मिळेल का? उद्या परत फोन करतील."

दिवेआगरला घरगुती राहण्या-जेवणाची सोय सुरू केल्यापासून हे दोन प्रश्न मला कुणी विचारले नव्हते. समुद्र चालत किती लांब, गाडी आत लागते का, एसी आहे ना, मोदक उकडीचे की तळणीचे, एवढ्यावर बोलणं संपायचं. त्या दिवशी फोन ठेवल्यावर मी बराच वेळ ओटीवर बसून राहिले. आमच्या घराला कुणी भ्यावं, याची सवय नव्हती.

हा व्यवसाय आमच्याकडे ठरवून आला नाही. नोव्हेंबर १९९७ मध्ये गावातल्या एका पोफळीच्या बागेत खणताना तांब्याच्या पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला आणि गावाकडे माणसांची रीघ लागली. दर्शन घेऊन निघालेली माणसं भर दुपारी दारात उभी राहून 'जेवायची सोय होईल का' विचारायची. सासूबाईंनी पडवीत पानं मांडली. पुढे गोठ्याच्या जागी दोन खोल्या झाल्या, मग आणखी दोन. मार्च २०१२ मध्ये देवळावर दरोडा पडला, दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला, मुखवटा गेला आणि पाहुणेही आटले. तेव्हाच कळून चुकलं होतं की खोल्यांचा पैसा हा वरचा पैसा. घर चालायचं ते वाडीवर. रोठा सुपारी, नारळ, थोडी जायफळं, थोडी मिरी.

म्हणून २०२० च्या मार्चात कोरोनामुळे मे महिन्याची सगळी बुकिंगं रद्द झाली तेव्हा वाईट वाटलं, पण धीर सुटला नाही. ज्यांनी आगाऊ रक्कम भरली होती त्यांना एकेकाला फोन करून मी पैसे परत पाठवले. दोघं म्हणाले, "राहू द्या तुमच्याकडे, आम्ही येऊच." वहीत त्यांच्या नावापुढे मी चांदणी काढून ठेवली.

धीर सुटला तो ३ जूनला. निसर्ग वादळ त्या दुपारी आमच्या किनाऱ्यावर आलं. पोफळ बारीक आणि उंच. वाऱ्यात कमरेतून वाकते आणि पुन्हा उभी राहते. त्या दिवशी वाकलेल्या पोफळी उभ्या राहिल्या नाहीत. माजघरात सासूबाईंना मध्ये घेऊन आम्ही बसलो होतो आणि बाहेर एकामागून एक फट् फट् असा आवाज येत होता. मी मोजायला लागले, मग सोडून दिलं. संध्याकाळी मागच्या दारी आले तर विहिरीपाशी उभं राहून समोर समुद्र दिसला. लग्न होऊन आल्यापासून त्या जागेवरून मी समुद्र फक्त ऐकला होता.

सव्वातीनशे पोफळींपैकी सत्तेचाळीस उरल्या. घराची अर्धी कौलं गेली, लाईट आले ते महिन्याभराने. नवीन लावलेली पोफळ फळायला सहा-सात वर्षं लागतात. इतकी वर्षं जो वरचा पैसा होता, त्याच्यावरच आता घर चालायचं होतं. आणि माणसांनी घराबाहेर पडू नये असे ते दिवस.

गावाचंही काही चुकत नव्हतं. वेशीवर आडवा बांबू बांधून पोरं पहाऱ्याला बसायची. त्या वर्षी २२ ऑगस्टला गणपती होते. माझे थोरले दीर मुंबईहून आले तर नियमाप्रमाणे दहा दिवस शाळेत राहिले. मी त्यांचा डबा कंपाउंडच्या भिंतीवर ठेवायचे आणि दहा पावलं मागे यायचे. ते डबा उचलताना माझ्याकडे बघायचे नाहीत. मग २ सप्टेंबरपासून ई-पास रद्द झाला, जिल्ह्याजिल्ह्यांतला प्रवास मोकळा झाला आणि तो पुण्याचा फोन आला.

शेजारच्या काकूंनी कुंपणापलीकडून सरळ विचारलं, "दिराला दहा दिवस शाळेत ठेवलंत, नि आता पुण्याची माणसं पैसे घेऊन घरात घेतेस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी फक्त वाडीकडे हात केला. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याकडचं दूध यायचं बंद झालं.

पुण्याचा फोन कबूल केल्याप्रमाणे परत आला. गावात त्या आठवड्यात किती आजारी आहेत ते मी ग्रामपंचायतीत विचारून ठेवलं होतं, ते खरंखरं सांगितलं. मग म्हटलं, "आता मी विचारते. तुमच्या घरात कुणाला ताप येऊन गेलाय का? सोसायटीत कुणी आजारी? माझ्या घरात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई आहेत." पलीकडे जरा वेळ शांतता. मग तो गृहस्थ म्हणाला, "बरं झालं विचारलंत. माझ्या आईला एकाहत्तर पूर्ण झाली." त्या एका वाक्यावर आमचा व्यवहार ठरला. अडीच खोल्यांच्या भाड्यात पूर्ण घर, जेवण पडवीतल्या टेबलावर ठेवायचं, ताटं त्यांनी वाढून घ्यायची, ते गेल्यावर दोन दिवस कुणालाही घ्यायचं नाही.

ऑक्टोबरात ताम्हिणी उतरून ते आले. गाडीतून चादरी निघाल्या, उशा निघाल्या, कुकर निघाला, पाण्याचा कॅनसुद्धा निघाला. सूनबाई खोलीत गेली आणि सॅनिटायझरचं फडकं घेऊन कडी, बटणं, नळ, खिडकीचे गज एकेक करून पुसायला लागली. मी ती खोली सकाळी दोनदा पुसली होती. फार लागलं मनाला. तेवढ्यात तिच्या नवऱ्याने पैसे पुढे केले. मी ताटली पुढे धरली, त्याने नोटा तीत ठेवल्या, आणि त्या मी खळ्यात उन्हात पसरून वर दगड ठेवले. मान वर केली तर ती खिडकीतून बघत होती. फडकं तिच्या हातातच. आम्ही दोघी क्षणभर एकमेकींकडे बघत राहिलो. त्यानंतर तिचं पुसणं मला कधी लागलं नाही.

लागलं ते वेगळंच. मोदक समोर बसवून वाढायचा असतो. फोडून वर तुपाची धार सोडायची, नको नको म्हणताना आणखी एक ठेवायचा. इतकी वर्षं सासूबाईंनी तेच केलं होतं. आता त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून मोदकांचं पातेलं पडवीत जाताना बघायच्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी स्वतःच खळ्यात खुर्ची टाकून घेतली. पलीकडे, कपडे वाळत घालायच्या दोरीच्या त्या बाजूला, पुण्याच्या आजी बसल्या. आजींना कमी ऐकू यायचं, त्यात दोघींच्या तोंडाला मास्क. त्यामुळे ते बोलणं सगळ्या आळीला ऐकू जात होतं. मेतकुटात काय काय घालता, सुनेचा स्वभाव कसा, मालक जाऊन किती वर्षं झाली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकू कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या आणि मेतकुटात गहू किती घ्यायचे, हे त्यांनी तिथूनच सांगितलं. दूध मात्र सुरू झालं नाही.

त्या हिवाळ्यात वही भराभर भरली. बहुतेक सगळे स्वतःच्या गाडीने येणारे. आधी महिनाभर ठरवणारी माणसं आता आदल्या दिवशी फोन करत, कारण पुढच्या आठवड्यात काय बंद होईल याचा भरवसा कुणालाच नव्हता. 'रद्द करावं लागलं तर पैसे परत मिळतील ना' हे प्रत्येकाचं. मी लिहून पाठवायचे, मिळतील. घरून काम करणारी मुलं सोमवार ते शुक्रवार राहायला लागली. त्यांचा पहिला प्रश्न नेटचा, दुसरा लाईटचा. दरवर्षी परदेशी जाणारं मुंबईचं एक जोडपं म्हणालं, चार तासांवर हे असताना आम्ही कधी इकडे वळलोच नाही. केवड्याचं बन त्यांनी जन्मात पहिल्यांदा पाहिलं होतं. काही जण भाव पाडायला आले, 'आता तुमच्याकडे येतंय कोण' म्हणून. आणि काही जणांनी वाडीतले मोडके बुंधे बघून न मागता जास्त ठेवले. त्या चांदणीवाल्या दोघांपैकी एक आले. त्यांचे जुने पैसे मी वळते केले, तर त्यांनी तेवढेच पैसे पोफळीची रोपं घ्यायला दिले.

पण हेही सांगितलं पाहिजे. डिसेंबरअखेर जे आले त्यातल्या पुष्कळांची भीती घाट उतरताच गळून पडायची. शहरात लिफ्टचं बटण कोपराने दाबणारी माणसं आमच्या किनाऱ्यावर घोळक्याने, उघड्या तोंडाने, टपरीवर खेटून उभी. म्हणायची, "इथली हवा शुद्ध, इथे कसला कोरोना?" हवा शुद्धच आहे. पण आमचं प्राथमिक आरोग्य केंद्र बोर्ली पंचतनला, आणि जास्त झालं तर रात्रीची गाडी करून कित्येक तासांवरचं मोठं हॉस्पिटल गाठायचं. आजार त्यांनी आणला तर निस्तरायला मागे आम्ही उरणार. एकतीस तारखेला बारा जणांचा ग्रुप दारात आला. फोनवर चार सांगितले होते. मी फाटक उघडलं नाही. आठ हजार रुपये होते. त्या महिन्यात मला त्यांची फार गरज होती, तरी त्याचा पश्चात्ताप नाही.

एप्रिल २०२१ मध्ये सगळं पुन्हा बंद झालं. खोल्यांना कुलपं लागून तीन आठवडे झाले होते आणि मला ताप आला. मागच्या खोलीत, जिथे पाहुणे राहायचे, तिथे मी चौदा दिवस राहिले. पाहुण्यांसाठी लावलेला 'कृपया मास्क वापरा' हा कागद समोर. गावात बोललं गेलंच की पर्यटकांमुळे झालं. कुणामुळे झालं ते मला आजही माहीत नाही. रेशनच्या रांगेतही होऊ शकतं. चौथ्या दिवशी सकाळी दार किलकिलं केलं तर पायरीवर दुधाचा तांब्या होता, वर वाटी पालथी. काकू कुंपणापलीकडे दहा पावलं मागे उभ्या होत्या. शाळेच्या भिंतीपाशी मी उभी राहायचे तशाच.

पुण्याच्या त्या घरातून दोनदा फोन आला. सासूबाई बऱ्या आहेत का, एवढंच विचारायला.

२३ नोव्हेंबर २०२१ ला, अंगारकी चतुर्थीला, नव्याने घडवलेला सोन्याचा मुखवटा देवळात बसला. त्या दिवशी आळीत गाड्या लावायला जागा नव्हती. मी सगळ्यांना लशीच्या दोन डोसांचं प्रमाणपत्र दाखवायला लावलं, आणि कुणीही तक्रार केली नाही. फोन काढून लोक आपणहून पुढे करत होते. मग एप्रिल २०२२ मध्ये, पाडव्याच्या तोंडावर, राज्यातले निर्बंध उठले. विमानं सुरू झालीच होती. वहीतली पुढची पानं पुन्हा पूर्वीसारखी दिसायला लागली. समुद्र किती लांब? एसी आहे? स्विमिंग पूल नाही का? 'पूर्ण घर' हे शब्द मे महिन्यानंतर एकदाही नाहीत. ते परदेशी जाणारं जोडपं पुन्हा परदेशी जायला लागलं. त्यांच्यावर माझा राग नाही, आपल्याला आवडेल तिथे माणसानं जावं.

मला चुकल्यासारखं वाटतं ते एकाच गोष्टीचं. त्या दीड वर्षात फोन करणारा प्रत्येक माणूस विचारायचा, तुमच्या घरात कोण कोण आहे, वय काय, सगळे बरे आहेत ना. पोटात भीती होती म्हणून विचारायचा, कबूल आहे. तरी विचारायचा. त्यामुळे आपण चार भिंती भाड्याने घेत नसून कुणाच्या तरी राहत्या घरात जातोय, हे त्याला येण्याआधी ठाऊक असायचं. असा माणूस आल्यावर रात्री अकराला स्पीकर लावत नाही, ताटात टाकत नाही, विहिरीपाशी साबण नेत नाही. हे मी वहीवरून सांगू शकते, कारण पाहुणे गेल्यावर त्यांच्या नावापुढे मी खूण करते.

सासूबाई आता ब्याऐंशी पार आहेत. उंबऱ्याशी नाही, पुन्हा पडवीत बसतात आणि स्वतःच्या हाताने मोदकावर तूप सोडतात. २०२० च्या पावसात लावलेल्या पोफळी माझ्या डोक्यावर गेल्या आहेत, पण फळल्या नाहीत. त्या फळेपर्यंत घर या चार खोल्यांवरच चालायचं आहे. तुम्ही कोकणात कुठल्याही घरी राहायला जाणार असाल, तर फोनवर समुद्र किती लांब ते जरूर विचारा, आणि फोन ठेवण्याआधी घरात कोण कोण आहे तेही विचारा.