हरारच्या वेशीतील इंग्रजीचा वर्ग

परदेशी जाऊन तेथील मुलांना इंग्रजी शिकवावे काय, असा विचार अनेक पदवीधर तरुणांच्या मनात येतो. इंग्रजी आपलीही मायबोली नव्हे. मग ती इतरांना शिकवण्यासाठी घरदार सोडून समुद्र ओलांडण्यात काय हशील, असे घरची वडीलधारी माणसे विचारतात. या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपण इथिओपियातील हरार नगरात जाऊन येऊ.

दिरे दावा हे रेल्वेचे गाव मागे टाकून घाट चढू लागलो की हवा गार होत जाते. सुमारे १,९०० मीटर उंचीवर हरारचा दगडी तट दृष्टीस पडतो. त्याला पाच जुन्या वेशी आहेत. आत अरुंद बोळ, रंगवलेल्या भिंती आणि भाजलेल्या कॉफीचा दरवळ! या तटबंद नगराचा समावेश युनेस्कोने २००६ साली जागतिक वारशात केला. तटाच्या आतील जुन्या घरांतून हरारी भाषा ऐकू येते, बाजाराला येणारे शेतकरी ओरोमो बोलतात, तर अम्हारिकही कानी पडते. म्हणजे येथील कित्येक मुलांना इंग्रजी ही दुसरी नव्हे, तर तिसरी किंवा चौथी भाषा!

१९४१ साली इटलीचा अंमल संपल्यावर इथिओपियाने माध्यमिक शिक्षणासाठी इंग्रजी माध्यम स्वीकारले. शिक्षक मात्र अपुरे होते. सम्राट हैले सेलासी यांच्या कारकिर्दीत अनेक भारतीय शिक्षक तेथे गेले. त्यांत केरळचे पुष्कळ होते. माझे मामाआजोबाही १९६०नंतरच्या दशकात हरारला गेले.

एकदा त्यांनी दिनक्रमावर निबंध लिहायला सांगितला. एका मुलाने लिहिले, ‘मी सकाळी बारा वाजता उठतो आणि दोन वाजता शाळेत येतो.’ मामाआजोबांनी दोन्ही वाक्यांवर लाल रेघ ओढली. मुलगा काही बोलला नाही. पुढे त्यांना कळले, की त्या देशात तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सहा म्हणजे त्यांचे बारा, आठ म्हणजे दोन. आपल्याकडेही पूर्वी घटिका सूर्योदयापासूनच मोजत नव्हते का? चूक वेळेची नव्हतीच. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गासमोर ती रेघ खोडली आणि फळ्यावर दोन घड्याळे काढली.

त्यानंतर ते मुलांकडूनच अम्हारिक लिपी शिकू लागले. तिच्यात प्रत्येक व्यंजनाची सात रूपे असतात; जणू आपल्या बाराखडीची धाकटी बहीणच!

आता मूळ प्रश्नाकडे वळू. माध्यमिक शाळेत गणित, भूगोल, विज्ञान सारे इंग्रजीतून. ज्याला इंग्रजी आले नाही, त्याची वाट तेथेच खुंटे. त्या मुलांसाठी चांगल्या शिक्षकाचे मोल मोठे होते, यात शंका नाही. पण उत्तर ठाऊक असूनही केवळ शब्दांअभावी गप्प बसणारी हुशार मुलेही त्याच बाकांवर होती. १९९४च्या शिक्षणधोरणाने प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याचे ठरवले, इंग्रजी पहिलीपासून विषय म्हणून ठेवली आणि माध्यमिक शाळेचे माध्यमही तीच राहिली. आधी आपल्या भाषेत समज, मग इंग्रजीत झेप, हा क्रम भाषांतराचे काम करणाऱ्या मला तरी पटतो.

घरच्यांनी त्याची किंमत मोजली, हेही सांगितले पाहिजे. मामाआजोबा तेथे परक्या मुलांचे हात धरून अक्षरे गिरवून घेत होते, तेव्हा त्यांची स्वतःची मुलगी इकडे आजोळी श्रीगणेशा गिरवत होती. तिची पहिली पाटी आपण पाहिली नाही, ही खंत त्यांनी अखेरपर्यंत बोलून दाखवली. तरीही, पुन्हा जाल का, असे विचारल्यावर ते म्हणत, “जाईन, पण या वेळी लिपी आधी शिकून जाईन.”

म्हणून जाण्याचे ठरवलेत, तर त्यांचे एवढे ऐका. त्यांच्या पेटीत एका विद्यार्थ्याचे पत्र आहे. तो पुढे स्वतः शिक्षक झाला. मजकूर स्वच्छ इंग्रजीत आहे. वरचे संबोधन मात्र अम्हारिक अक्षरांत, कारण ते आपल्या गुरुजींना वाचता येईल, याची त्याला खात्री होती.