पाणी कुठपर्यंत येतं?

दोस्तांनो, घरात शाळेचा अ‍ॅटलास असेल तर जरा काढा बघू. अमेरिकेचं पान उघडा. खाली उजव्या कोपऱ्यात जमिनीचा एक लांबट अंगठा समुद्रात लोंबताना दिसेल. तो फ्लोरिडा. त्याच्या डाव्या हाताला मेक्सिकोचं आखात, उजव्या हाताला अटलांटिक महासागर. आता डाव्या किनाऱ्यावर मधोमध टॅम्पा शोधा आणि तिथून सरळ उजवीकडे बोट सरकवत न्या. अटलांटिकच्या काठावर मेलबर्न नावाचं गाव सापडेल. (ऑस्ट्रेलियातलं नव्हे हं!) दोन्हींमध्ये साधारण २०० किलोमीटर. पुण्याहून कोल्हापूरला जायला लागतं त्यापेक्षा थोडं कमीच.

या दोन गावांनी मागच्या हिवाळ्यात आमच्या घरात चांगली भांडणं लावली होती.

झालं असं, की बारा वर्षं मिशिगनमध्ये बर्फ उपसल्यावर माझ्या नवऱ्याला कंपनीनं फ्लोरिडाला बदली देऊ केली. कचेऱ्या दोन्ही गावांत. कुठे जायचं ते तुम्हीच ठरवा, म्हणाले. घरात माणसं पाच. आम्ही दोघं, तेरा वर्षांची लेक, नऊ वर्षांचा लेक आणि आजी, म्हणजे माझ्या सासूबाई. आजींचं वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे दुखतात, म्हणून घरातसुद्धा वॉकर धरून चालतात. त्या मूळच्या श्रीवर्धनच्या. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ त्यांच्याच किनाऱ्यावर येऊन धडकलं, तेव्हा त्या तिथल्या घरात होत्या. कौलं पत्त्यांसारखी उडाली. सासऱ्यांनी हातानं लावलेल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या. पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. तेवढी वाट बघायची उमेद आता नाही, असं म्हणून आजी आमच्याकडे आल्या.

आता मुलांचं म्हणणं ऐका. लेकीला मेलबर्नच हवं होतं. कारण तिथून गाडीनं तासाभरावर केनेडी अंतराळ केंद्र. १६ जुलै १९६९ ला चंद्राकडे निघालेलं अपोलो ११ तिथूनच सुटलं. १९ नोव्हेंबर १९९७ ला कल्पना चावला पहिल्यांदा अवकाशात गेली तीही तिथूनच. आणि १६ जानेवारी २००३ ला गेली, ती परत न येण्यासाठी. मेलबर्नच्या तंत्रविद्यापीठात विद्यार्थ्यांच्या राहायच्या सात इमारतींना कोलंबिया यानातल्या सात जणांची नावं आहेत. त्यातली एक 'चावला'. लेकीनं आणखी एक शोध लावला. तिकडच्या टेलिफोनचा कोडच मुळी ३२१ आहे. उलटी मोजणी! १९९९ मध्ये मुद्दाम मागून घेतलाय म्हणे.

"पण रॉकेट तिथूनच का सोडतात?" धाकट्यानं विचारलं. उत्तर अ‍ॅटलासमध्येच आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. पूर्वेकडे उडी मारली की तिच्या वेगाचा फुकट धक्का मिळतो, आणि गळून पडणारे भाग वस्तीवर न पडता समुद्रात पडतात. म्हणून पूर्व किनारा. आपलं श्रीहरिकोटा कुठे आहे ते बघा, म्हणजे पटेल.

धाकट्याला मात्र टॅम्पाकडचा किनारा हवा होता. तिकडे आखाताचं पाणी उथळ, कोमट, लाटा लहान. पुळण पिठीसाखरेसारखी पांढरी. पोहायला नुकतंच शिकलेल्या माणसाला आणखी काय हवं? अटलांटिकच्या बाजूला लाटा मोठ्या. लाटांवर फळी घेऊन स्वार होणारा जगज्जेता केली स्लेटर त्याच बाजूच्या कोको बीचचा. शिवाय टॅम्पाकडे मराठी घरं पुष्कळ, देऊळ आहे, कढीपत्ता केव्हाही मिळतो. हे शेवटचं कारण माझं.

आणि आजी? त्यांचा कल आधी टॅम्पाकडेच होता, पण वेगळ्या कारणासाठी. त्या म्हणाल्या, "समुद्रात सूर्य मावळतो. उगवतो तो डोंगरामागून. जन्मभर मी हेच पाहिलंय. समुद्रातून सूर्य वर येताना बघणं मला उलटंच वाटेल गं." आखाताच्या किनाऱ्यावर सूर्य समुद्रात बुडतो, अगदी श्रीवर्धनसारखा. क्लिअरवॉटर या गावी तर रोज संध्याकाळी लोक धक्क्यावर जमून सूर्यास्ताचा उत्सवच करतात.

मग आम्ही जानेवारी २०२५ मध्ये घरं बघायला गेलो. आधी टॅम्पाच्या उपसागरापलीकडे, पिनेलास जिल्ह्यात. तिथे जिल्ह्याला काउंटी म्हणतात. सेंट पीटर्सबर्ग हे मोठं शहर त्यातच येतं. तीन बाजूंना पाणी, आणि टॅम्पाला जायला उपसागरावरचे लांबच लांब पूल.

एका पुलाच्या कडेला आजींनी गाडी थांबवायला लावली. "अरे, ही तर सुरू!" खरंच सुरूची झाडं होती. आपल्याकडे किनाऱ्यावर मुद्दाम लावतात ना, तीच. पण घरं दाखवणाऱ्या बाई म्हणाल्या, फ्लोरिडात हे झाड लावायला बंदी आहे. ते बाहेरून आलेलं, मुळं वरवरची, वादळात आडवं होतं, आणि वाळूत अंडी घालायला येणाऱ्या कासवांची वाट अडवतं. आजी गप्प बसल्या. मग हळूच मला म्हणाल्या, "आडवं होतं ते मात्र खरं आहे."

घर छान होतं. पाण्याला लागून, मागे नारळ. फक्त आतल्या भिंती खालून चार फुटांपर्यंत कापून काढलेल्या. शेजारच्या गॅरेजच्या भिंतीवर मळकट रेघ, माझ्या कमरेच्या जरा खाली. रस्त्याच्या कडेला भिजून फुगलेल्या गाद्या आणि कपाटं अजून पडलेली.

ती रेघ हेलीन वादळाची. २६ सप्टेंबर २०२४. आणि इथेच खरी गोम आहे. हेलीन इथे आलंच नव्हतं! ते शंभर किलोमीटरहून जास्त लांबून समुद्रातून उत्तरेकडे गेलं आणि पार वरच्या बाजूला जमिनीला लागलं. तरी इथे समुद्र सहा फुटांच्या आसपास चढला आणि घराघरात शिरला. काही माणसं घरातच बुडाली.

असं का होतं, ते चहाच्या बशीनं समजतं. बशीत चहा ओता आणि एका बाजूनं फुंकर घाला. चहा पलीकडच्या काठावर चढतो. आता तीच फुंकर भरलेल्या तांब्यावर घाला. पाणी थोडं हलतं, पण काठावर चढत नाही. खोल पाण्यात वरून ढकललेलं पाणी खालून मागे फिरतं. बशीत त्याला खाली जागाच नसते. टॅम्पासमोरचं आखात म्हणजे अशी बशी आहे. शंभर किलोमीटर आत गेलात तरी समुद्राचा तळ हळूहळूच उतरत असतो. वर टॅम्पाचा उपसागर नरसाळ्यासारखा. मेलबर्नच्या बाजूला ही उथळ पट्टी बरीच अरुंद आहे, तळ लवकर खोल जातो. तांब्या म्हणा हवं तर.

हेलीननंतर दोनच आठवड्यांनी, ९ ऑक्टोबरच्या रात्री मिल्टन वादळ आलं. ते टॅम्पाच्या दक्षिणेला जमिनीवर चढलं. वादळाचे वारे गोल फिरतात हे तुम्हाला माहीत आहे. टॅम्पाच्या बाजूला ते जमिनीकडून समुद्राकडे वाहत होते, त्यामुळे उपसागरातलं पाणी भरण्याऐवजी उपसलं गेलं! वादळ थोडं उत्तरेला सरकलं असतं तर तेच वारे पाणी आत घेऊन आले असते. पण सेंट पीटर्सबर्गमध्ये पाऊस एका दिवसात १८ इंचांहून जास्त झाला आणि तिथल्या बेसबॉलच्या मैदानाचं छत फाटून चिंध्या झाल्या.

म्हणून काय मेलबर्नची बाजू सुरक्षित? छे. तेच मिल्टन अख्खा फ्लोरिडा ओलांडून अटलांटिकच्या बाजूनं बाहेर पडलं. ते पोचायच्या आधीच मेलबर्नच्या दक्षिणेच्या सेंट लूसी काउंटीत भोवरी वाऱ्यांनी सहा माणसं मारली होती. २००४ च्या सप्टेंबरमध्ये तर तीन आठवड्यांत दोन वादळं, फ्रान्सिस आणि जीन, अटलांटिकच्या त्याच टापूत जवळजवळ एकाच जागी आदळली. अंतराळ केंद्राच्या प्रचंड इमारतीचे पत्रे तेव्हा उडाले होते.

दोन्हीकडे वादळ. मग निवडायचं कशावर? सुंदर कोण, स्वस्त कोण, देऊळ कुठे, शाळा कुठे, यावर आमच्या चार रात्री गेल्या. आजी तेवढं एकच विचारत होत्या, "ते राहू दे. पाणी कुठपर्यंत येतं?"

हा प्रश्न फार उपयोगी निघाला. फ्लोरिडात त्याचं उत्तर नकाशावर छापलेलं असतं. समुद्राचं पाणी किती आत येऊ शकेल त्यानुसार वस्तीला ए, बी, सी अशी अक्षरं दिलेली. वादळ येताना हुकूम निघतो : 'ए'वाल्यांनी घर सोडा. आमची लेक कॉम्प्युटरवर पत्ता टाकायची आणि अक्षर मोठ्यानं वाचायची. नारळवालं घर 'ए'. त्याच्या पुढचंही 'ए'. फ्लोरिडा सपाट आहे किती! अख्ख्या राज्यातली सर्वांत उंच जागा १०५ मीटर. आपलं कळसूबाई १६४६. तिथे दहा फूट उंची म्हणजेसुद्धा चैन.

तिथले अधिकारी लोकांना सांगतात, वाऱ्यापासून लपा, पाण्यापासून पळा. आजींनी हे आधीच आपल्या भाषेत सांगितलं होतं. "वाऱ्याला दार लावता येतं. पाण्याला लावता येत नाही." त्यांनी निसर्गच्या वेळी सहा तास देवघराच्या कोपऱ्यात बसून वाऱ्याला दार लावलं होतं, त्यांना विचारणार कोण? आणि पळायचं म्हटलं तर वॉकर, औषधांची पिशवी, दोन मुलं घेऊन, हजारो गाड्यांच्या रांगेत, पुलावरून. तेव्हा मला त्या पुलांचं सौंदर्य दिसेनासं झालं.

पिनेलासच्या मधोमधही उंचवटा आहे, तिथे अक्षर नसलेली घरं मिळतात. आम्ही दोन पाहिली. एक आमच्या खिशाबाहेर, दुसरं इतकं लांब की यजमानांचे रोजचे तीन तास गाडीत गेले असते.

मेलबर्नला किनाऱ्याची रचना निराळी. आधी समुद्र, मग वाळूचा लांब अरुंद दांडा, त्याच्यामागे इंडियन रिव्हर नावाची खाडी (नाव नदीचं, पण नदी नव्हे) आणि मग खरी जमीन. खाडी ओलांडली की जमीन वीस फुटांच्या आसपास उंचावते. मुंबई-पुण्यात ही उंची कुणाच्या लक्षातही येणार नाही. आम्ही दांड्यावरची घरं बघितलीच नाहीत. उंचवट्यावर एक साधं, १९८० च्या सुमाराचं सिमेंटच्या ठोकळ्यांचं घर मिळालं. लेकीनं पत्ता टाकला. अक्षर नाही! आजींनी स्वतः चष्मा लावून खात्री करून घेतली.

काही गोष्टी सोडाव्या लागल्या, त्याही सांगते. मराठी घरं अगदी मोजकी. पुराचा विमा घराच्या विम्यात धरत नाहीत, तो वेगळा काढावा लागतो, आणि तो आम्ही उंचवट्यावर असूनही काढला. यजमानांना वाटणारी काळजी वेगळी होती. हा भाग एकाच धंद्यावर उभा. जुलै २०११ मध्ये स्पेस शटलचं शेवटचं उड्डाण झालं तेव्हा इथल्या हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. आता पुन्हा तेजी आहे, २०२४ मध्ये नव्वदहून अधिक उड्डाणं झाली. पण तेजी ती तेजीच. खाडीची तब्येतही नाजूक. तिच्यातलं समुद्री गवत मेल्यामुळे मॅनेटी नावाचे गाईसारखे संथ, गवत खाणारे प्राणी उपाशी मरू लागले. २०२१ मध्ये राज्यभरात ११०० हून अधिक मॅनेटी मेले. टॅम्पाकडच्या आखातात लाल शेवाळानं मासे मरतात, इकडे हे. आई-बाबांनो, घर बघायला जाल तेव्हा पाण्याचा वासही घेऊन या.

गंमत कशाची आहे, सांगू? इथल्या किनाऱ्यावर कासवांच्या हंगामात रात्री समुद्राकडचे दिवे मालवावे लागतात, तसा नियमच आहे. नाहीतर अंड्यातून निघालेली पिल्लं समुद्र सोडून दिव्यांकडे चालायला लागतात. आमच्या कोकणात वेळासला कासवं जपतात ती ऑलिव्ह रिडले जातीची. इथली लॉगरहेड आणि हिरवी कासवं. आजींनी शेजारच्या मुलांना वेळासची गोष्ट सांगितली. अर्धी मराठीत, अर्धी हातवारे करून. मुलांना ती बरोबर कळली.

सूर्यास्ताचंही जमलं. खाडीवरच्या पुलानं पलीकडे दांड्यावर गेलं आणि पाठ समुद्राकडे केली, की सूर्य खाडीच्या पाण्यावरून मावळताना दिसतो. आजी म्हणतात, ठीक आहे. एवढंच म्हणतात.

आणि रॉकेट? अंगणातूनच दिसतं. ठिणगी चढताना दिसते, पण आवाज नाही. तळ आमच्यापासून साधारण ६० किलोमीटर. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. करा भागाकार. जवळजवळ तीन मिनिटांनी, रॉकेट दिसेनासं झाल्यावर, खिडक्या हलक्याशा थरथरतात. पहिल्या वेळी आजी दचकल्या, आता त्या जपमाळेवर मोजतात.

धाकट्याचा राग मात्र अजून पुरता गेलेला नाही. तह असा ठरलाय, की दर महिन्याला एक शनिवार टॅम्पाकडे. सकाळी उथळ पाण्यात पोहायचं, दुपारी ओळखीच्या मराठी घरी जेवायचं, येताना कढीपत्ता. ते पाणी हिवाळ्यात गार पडतं, म्हणून तेव्हाचे शनिवार उन्हाळ्यात भरून द्या असं त्याचं म्हणणं आहे. त्यावर बोलणी चालू आहेत.